दोन इंटरनेट लाइन आहेत, पण कोणी कोणत्या वाटेनं जायचं? पॉलिसी बेस्ड राउटिंग सोप्या भाषेत

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात माझ्या एका मित्राचं सेवा केंद्र आहे. चार काउंटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर आणि बाहेर बसायला दोन बाकडे. जुलैचा शेवटचा आठवडा होता. खरिपाच्या पीक विम्याची मुदत संपत आलेली आणि दाराबाहेर सकाळपासून रांग. लोकांच्या हातात सातबारा, पासबुक आणि आधारची झेरॉक्स. अशात सकाळी साडेनऊला त्याचा फोन आला. “भाऊ, राउटरचा लाइट तं हिरवाच दिसून रायला, मंग साइट काऊन नाही उघडून रायली?”

गंमत म्हणजे त्याच्याकडे एक नाही, दोन इंटरनेट लाइन होत्या. एक फायबरची आणि दुसरी सिमवर चालणारी फोरजी. महिन्याला दोन्हींचे पैसे जात होते, तरी ऐन गरजेला केंद्र बंद. नंतर कळलं की रस्त्याच्या कामात जेसीबीनं फायबर तोडली होती.

दोन लाइन घेतल्या की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. पण कोणाचा ट्रॅफिक कोणत्या लाइनवरून जाईल आणि लाइन तुटली तर कोण थांबेल, हे राउटरला सांगावं लागतं. असं सांगण्याच्या पद्धतीला पॉलिसी बेस्ड राउटिंग म्हणतात. आजच्या लेखात आपण ती त्याच केंद्राच्या उदाहरणातून समजून घेऊ.

एक सूचना आधीच देतो. या लेखात पत्ते आणि कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. यंत्रात टाकताना त्या अर्थातच इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाकायच्या.

साधं राउटिंग कसं चालतं?

राउटरकडे एक तक्ता असतो, त्याला राउटिंग टेबल म्हणतात. पॅकेट आलं की राउटर त्यावर फक्त एकच गोष्ट वाचतो: कुठे जायचंय? मग तक्त्यात त्या पत्त्याशी सर्वांत नेमकी जुळणारी ओळ शोधतो आणि पॅकेट त्या दिशेला ढकलतो. कोणतीच नेमकी ओळ सापडली नाही तर ‘डिफॉल्ट’ नावाची शेवटची ओळ वापरतो. आपल्यासारख्या छोट्या ऑफिसात इंटरनेटवरची जवळजवळ प्रत्येक साइट याच डिफॉल्टमध्ये मोडते. म्हणजे तक्त्यात डिफॉल्ट फायबरची असेल तर सगळे फायबरवर, सिमची असेल तर सगळे सिमवर.

पॅकेट कोणी पाठवलं, विम्याचा फॉर्म भरणाऱ्या काउंटरनं की भिंतीवरच्या कॅमेऱ्यानं, हे साधं राउटिंग बघतच नाही.

मग पॉलिसी बेस्ड राउटिंग वेगळं काय करतं?

वणीकडून कोळशाचे ट्रक येतात, ते तुम्ही पाहिले असतील. गावाच्या तोंडाशी पाटी असते: जड वाहनांनी बायपासने जावे. मोटारसायकल आणि ट्रक दोघांनाही पुढच्या एकाच गावाला जायचं असतं, तरी वाट वेगळी. कुठे जायचंय एवढंच इथे बघत नाहीत, कोण चाललंय तेही बघतात.

पॉलिसी बेस्ड राउटिंग म्हणजे राउटरच्या तोंडाशी लावलेली अशीच पाटी. पॅकेट कोणत्या कॉम्प्युटरकडून आलं, कोणत्या इंटरफेसमधून आत शिरलं, कोणत्या पोर्टसाठी आहे, त्यावर आपण आधी काही खूण केली आहे का, यांपैकी काहीही बघून वाट ठरवता येते.

ही कल्पना नवी नाही. पॉलिसीवर आधारित राउटिंगच्या वेगवेगळ्या पद्धतींची चर्चा करणारा आरएफसी ११०४ हा दस्तऐवज जून १९८९ मधला आहे. लिनक्समध्ये ही सोय कर्नल २.२ सोबत १९९९ साली आली. आज बाजारात मिळणाऱ्या अनेक राउटरांच्या पोटात लिनक्सच असतं. म्हणून आपण लिनक्सची पद्धत समजून घेऊ. ती कळली की बाकीच्या राउटरांचे मेनू ओळखीचे वाटायला लागतात.

केंद्रात नेमकं काय बिघडत होतं?

मित्रानं आधी दोन उपाय करून पाहिले होते. दोन्ही फसले, आणि का फसले हे समजलं तर अर्धं काम होतं.

पहिला उपाय लोड बॅलन्सचा. दोन लाइनवाल्या राउटरमध्ये हे बटन असतं. ते सुरू केलं की राउटर नवीन कनेक्शन आळीपाळीनं दोन्ही लाइनवर वाटतो. यूट्यूब बघायला हे ठीक आहे. पण एक वेबसाइट उघडताना ब्राउझर एकाच वेळी अनेक कनेक्शन करतो. त्यातली काही फायबरवरून गेली, काही सिमवरून. समोरच्या सर्व्हरला एकाच लॉगिनमागे दोन वेगळे आयपी पत्ते दिसले. काही साइट लॉगिन आयपी पत्त्याशी बांधून ठेवतात, त्यांना हा प्रकार संशयास्पद वाटतो आणि त्या लॉगआउट करतात. अर्धा भरलेला फॉर्म गेला, ओटीपी पुन्हा मागवा, आणि ज्याच्या मोबाइलवर ओटीपी येणार तो शेतकरी तोवर चहाला गेलेला.

दुसरा उपाय फेलओव्हरचा, म्हणजे फायबर बंद पडली की सगळे सिमवर. ऐकायला एकदम बरोबर वाटतं. पण सिमला दिवसाला २ जीबी डेटाची मर्यादा होती आणि ‘सगळे’ मध्ये कॅमेरेही आले. चार कॅमेरे मिळून क्लाउडवर सेकंदाला २ मेगाबिट पाठवत होते. हिशोब करा: २ मेगाबिट म्हणजे पाव मेगाबाइट, तासाचे सेकंद ३,६००, म्हणजे तासाला ९०० एमबी. २ जीबी सव्वादोन तासात साफ! शिवाय बाकड्यावर बसलेल्यांचे मोबाइल वायफायवर होतेच. सकाळी फायबर तुटली की दुपारच्या आत सिमही संपणार. आणि ज्या विम्याच्या फॉर्मला अगदी थोडा डेटा लागतो, तोच अडकणार.

थोडक्यात, महत्त्वाचं काम आणि बिनमहत्त्वाचं काम एकाच रांगेत उभं होतं.

आधी कागदावर ठरवा

कमांडला हात लावण्याआधी आम्ही एक कागद घेतला आणि एकच प्रश्न विचारला: लाइन तुटली तर काय बंद पडलेलं चालेल? उत्तर असं निघालं.

तीन काउंटर विमा, दाखले आणि इतर फॉर्मचे. यांनी फायबरनं जायचं. फायबर गेली तर सिमवर यायचं.

चौथा काउंटर अंगठा लावून पैसे काढायचा. डेटा नगण्य, पण मध्येच तुटलेलं चालत नाही. त्यांच्या गावात फायबरपेक्षा सिम स्थिर चालते. म्हणून यानं आधी सिम, सिम गेली तर फायबर.

वायफाय आणि कॅमेरे फक्त फायबरवर. फायबर गेली तर यांनी थांबायचं. सिमवर यायचं नाही.

पॉलिसी म्हणजे हीच तीन वाक्यं. पुढचं सगळं ती राउटरच्या भाषेत लिहिणं आहे. तुमच्या दुकानात, शाळेत, जिनिंगच्या ऑफिसात ही वाक्यं वेगळी असतील. पण ती लिहिता येत नसतील तर राउटरला हात लावू नका.

पायरी १: दोन नेटवर्क वेगळी करा

काउंटरचे कॉम्प्युटर एका नेटवर्कमध्ये ठेवले: १९२.१६८.१०.०/२४. त्यात पैशांच्या काउंटरला १९२.१६८.१०.१४ हा कायमचा पत्ता दिला. वायफाय आणि कॅमेरे दुसऱ्या नेटवर्कमध्ये: १९२.१६८.२०.०/२४. कायमचा पत्ता देणं महत्त्वाचं आहे. आपला नियम पत्त्यावर चालतो, त्यामुळे पत्ता रोज बदलला तर नियम भलत्यालाच लागेल.

पायरी २: प्रत्येक लाइनसाठी वेगळा तक्ता

लिनक्समध्ये एकापेक्षा जास्त राउटिंग टेबल ठेवता येतात. नेहमीच्या टेबलाचं नाव ‘मेन’, क्रमांक २५४. आपण दोन नवीन केले. टेबल १०१ मध्ये एकच ओळ, डिफॉल्ट फायबरच्या गेटवेकडे, म्हणजे १९२.१६८.१.१. टेबल १०२ मध्येही एकच ओळ, डिफॉल्ट सिमच्या गेटवेकडे, म्हणजे १९२.१६८.८.१. कमांड अशी वाचायची: आयपी राउट ॲड डिफॉल्ट व्हाया १९२.१६८.१.१ टेबल १०१. दुसरीही तशीच. तुमच्या गेटवेचे पत्ते वेगळे असतील, ते राउटरच्या स्टेटस पानावर दिसतात.

पायरी ३: नियमांची यादी

आता पाट्या लावायच्या. प्रत्येक नियमाला एक क्रमांक असतो आणि राउटर लहान क्रमांकापासून वाचत जातो. नियम जुळला, पण त्यानं दाखवलेल्या टेबलात वाटच नसेल, तर राउटर हार न मानता पुढचा नियम वाचतो. आपली सगळी युक्ती याच गुणावर उभी आहे.

नियम ९००: कोणीही १९२.१६८.०.० /१६ कडे, म्हणजे घरातल्या घरात जात असेल, तर मेन टेबल बघा.
नियम १०००: १९२.१६८.१०.१४ कडून आलेलं पॅकेट टेबल १०२ कडे.
नियम १०१०: १९२.१६८.१०.०/२४ कडून आलेलं टेबल १०१ कडे.
नियम १०२०: १९२.१६८.२०.०/२४ कडून आलेलं टेबल १०१ कडे.
नियम १०३०: १९२.१६८.१०.०/२४ कडून आलेलं टेबल १०२ कडे.
नियम १०४०: १९२.१६८.२०.०/२४ कडून आलेलं असेल तर ‘अनरीचेबल’, म्हणजे वाट नाही.

कमांडचा नमुना: आयपी रूल ॲड फ्रॉम १९२.१६८.१०.१४ टेबल १०२ प्रायॉरिटी १०००.

आता फायबर तुटली आणि टेबल १०१ रिकामं झालं असं समजा. फॉर्मचा काउंटर १०१० वर येतो, तिथे वाट नाही. १०२० त्याच्यासाठी नाही. १०३० वर त्याला सिम मिळते. कॅमेरा १०२० वर येतो, वाट नाही. १०३० त्याच्यासाठी नाही. १०४० वर त्याला सरळ नकार मिळतो. हा १०४० नसता तर कॅमेरा घसरत शेवटी मेन टेबलावर आला असता आणि तिथली डिफॉल्ट पकडून सिमवर चढला असता. बरेच जण वाटा देणारे नियम लिहितात आणि वाट अडवणारा विसरतात.

नियम ९०० कशासाठी? तो नसेल तर वायफायवरच्या लॅपटॉपनं काउंटरच्या प्रिंटरला पाठवलेली प्रिंट थेट इंटरनेटच्या वाटेला लागते आणि हरवते. पॉलिसी लावली आणि प्रिंटर गायब झाला, ही तक्रार बहुतेक वेळा याच चुकीतून येते.

पायरी ४: दोन्ही लाइनवर मास्करेड

बाहेर जाताना राउटर घरातला खासगी पत्ता झाकून लाइनचा पत्ता लावतो, त्याला मास्करेड म्हणतात. फायबरवर ते आधीपासून असतं, नव्या सिमच्या इंटरफेसवर राहून जातं. मग पॅकेट बाहेर जातं, पण उत्तर परत येत नाही.

त्याला लागून दुसरी गोष्ट: लिनक्समध्ये ‘आरपी फिल्टर’ नावाची तपासणी असते. पॅकेट ज्या वाटेनं आलं, त्याच वाटेनं उत्तर जाणार आहे का, हे ती बघते. किंमत १ असेल तर तपासणी कडक असते आणि दोन लाइनच्या मांडणीत चांगली पॅकेटही फेकली जाऊ शकतात. विशेषतः खुणेवर आधारित नियमांत. अशा वेळी किंमत २, म्हणजे सैल तपासणी, ठेवतात.

पायरी ५: लाइन खरंच जिवंत आहे का?

हिरव्या लाइटचं उत्तर इथे आहे. राउटरला जोडलेली केबल फायबरच्या डब्यापर्यंतच जाते. तो डबा चालू आहे, म्हणून लाइट हिरवा. पुढे तीन किलोमीटरवर फायबर तुटली तरी राउटरला त्याचा पत्ता नसतो आणि टेबल १०१ भरलेलंच राहतं.

म्हणून तपासणी लाइनच्या पलीकडच्या पत्त्यावर करायची. आम्ही फायबरसाठी ८.८.८.८ आणि सिमसाठी १.१.१.१ निवडला. मेन टेबलात त्या दोन पत्त्यांच्या स्वतंत्र, पक्क्या वाटा टाकल्या: पहिला कायम फायबरनं, दुसरा कायम सिमनं. एक छोटी स्क्रिप्ट दर दहा सेकंदांनी दोघांना पिंग करते. सलग तीनदा उत्तर आलं नाही तर त्या लाइनच्या टेबलातली डिफॉल्ट काढते, पुन्हा नीट उत्तरं यायला लागली की परत टाकते. एकाच चुकलेल्या पिंगवर निर्णय घेऊ नका, नाहीतर पावसाळ्यात लाइन दिवसभर इकडून तिकडे उड्या मारेल. आणि हेच दोन पत्ते राउटरचे स्वतःचे डीएनएस म्हणून देऊ नका. लाइन पडली की तो डीएनएसही पडेल आणि सिम चालू असून साइट उघडणार नाहीत.

पायरी ६: तपासून पाहा

आधी आयपी रूल शो ही कमांड देऊन नियमांचा क्रम वाचा. मग आयपी राउट गेट ही कमांड वापरा. अमुक पत्त्याकडून अमुक इंटरफेसमधून पॅकेट आलं तर ते कुठून जाईल, हे ती न पाठवताच सांगते. नंतर प्रत्येक काउंटरवर ‘माझा आयपी’ सांगणारी एखादी साइट उघडून कोणती लाइन दिसते ते पाहा.

शेवटी खरी परीक्षा. राउटरची केबल काढून तपासू नका, कारण जेसीबी तिथे घाव घालत नाही. फायबरच्या डब्याला येणारी पिवळी वायर हलकेच काढा (तिच्या टोकात डोळा लावून बघू नका) आणि घड्याळ लावा. आमच्याकडे अर्ध्या मिनिटाच्या आसपास काउंटर सिमवर आले आणि वायफाय थांबलं. उघडी असलेली जुनी लॉगिन तुटतात, कारण बाहेरचा पत्ता बदलतो. त्यात चूक काही नाही, पुन्हा लॉगिन करायचं.

तुमचा राउटर वेगळा असेल तर?

सिस्कोमध्ये ‘राउट मॅप’ लिहितात. त्यात ‘मॅच’ म्हणजे कोण आणि ‘सेट’ म्हणजे कुठून. तो पॅकेट ज्या इंटरफेसमधून आत येतं तिथे लावायचा, बाहेर जाणाऱ्यावर नाही. मायक्रोटिकमध्ये ‘मँगल’ मधून पॅकेटवर खूण करतात आणि त्या खुणेला टेबल जोडतात. आवृत्ती ७ मध्ये ते टेबल आधी तयार करावं लागतं. तिथे ‘फास्टट्रॅक’ सुरू असेल तर पुढची पॅकेट मँगलला वळसा घालतात आणि नियम अर्धवट चालतो, एवढं लक्षात ठेवा. ओपनडब्ल्यूआरटीवर यासाठी ‘पीबीआर’ आणि ‘एमवॅन३’ ही तयार पॅकेजेस आहेत, त्यात लाइन तपासायची सोयही एमवॅन३ स्वतः करतो.

दोन गोष्टी बहुतेक जण विसरतात

पहिली, आयपीव्ही६. वर लिहिलेले सगळे नियम आयपीव्ही४ चे आहेत. मोबाइल लाइनवर आपल्याकडे आयपीव्ही६ सर्रास मिळतं. ते राउटरमध्ये सुरू असेल तर त्याचे नियम वेगळे लिहावे लागतात, नाहीतर कॅमेरा मागच्या दारानं सिमवर जाईल.

दुसरी गोष्ट कॉन्फिगरेशनच्या बाहेरची आहे. दोन लाइन खरंच दोन आहेत का? मोबाइल टॉवरलाही पुढे बऱ्याचदा फायबरच जोडलेली असते. तुमची फायबर आणि टॉवरची फायबर एकाच नालीतून जात असेल तर एका जेसीबीत दोन्ही जातात. मागच्या वेळी फायबर तुटली तेव्हा मोबाइलचा डेटा चालू होता का, एवढं आठवून पाहा. नसेल तर सिम दुसऱ्या कंपनीचं घ्या. यावर कोणताही नियम लिहून उपयोग नाही.

सगळ्यांनाच याची गरज आहे का?

नाही. घरात चार मोबाइल आणि एक टीव्ही असेल आणि दुसऱ्या लाइनला डेटाची मर्यादा नसेल, तर साधा फेलओव्हर पुरे. मेन टेबलात दोन डिफॉल्ट टाका, फायबरची मेट्रिक कमी आणि दुसरीची जास्त, संपलं. पॉलिसी तेव्हाच लागते, जेव्हा एकाच छताखाली कमी-जास्त महत्त्वाची कामं असतात आणि दुसरी लाइन सगळ्यांना पुरणारी नसते.

मित्राच्या केंद्रात हे सगळं बसवायला एक संध्याकाळ लागली. दोन दिवसांनी फायबर पुन्हा गेली. त्याचा फोन आला, पण या वेळी तक्रार वेगळी होती: “भाऊ, बाकड्यावरचे पोट्टे वायफाय नाही म्हणून बोंबलून रायले.” मी विचारलं, फॉर्मचं काय? तो म्हणाला, “फॉर्म तं भरनं सुरू हाय.”